वॉटर हॅज कम!

चहाचा कप खाली ठेवता ठेवता सरांनी फर्मान काढलं, "आज क्लास चालू असेपर्यंत या घरात मराठीचा एक शब्दही उच्चारला जाता कामा नये."

त्यांना लोक सर म्हणायला लागले ते अलीकडेच. उभी नोकरी त्यांनी एका कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात इंग्रजी पत्रं लिहिण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर आता कुणाला लिहायचं, हा प्रश्न पडला. (बायकोला एक लिहून पाहिलं होतं, 'विषय: चहात साखर कमी पडत असल्याबाबत'. तिनं त्या कागदावर भाजी निवडली.) मग परदेशी जाणाऱ्यांना जी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिची ऑनलाइन तयारी करून घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं. बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल मांडलं, मागच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि विद्यार्थी मिळालेसुद्धा! एक नर्स, एक हॉटेलातला शेफ आणि एक विरही नवरा. त्याची बायको आधीच परदेशी जाऊन पोचली होती आणि हा बिचारा स्पेलिंगमध्ये अडकला होता.

फर्मानाला कारण होतं. आदल्या दिवशी सर ऐन रंगात येऊन उच्चार समजावत असताना बायकोनं मागून विचारलं होतं, "अहो, तुमचा तो भोकाचा बनियन फडक्याला घेऊ का?" तिन्ही विद्यार्थ्यांनी ऐकलं. शेफ तर बराच वेळ कॅमेरा बंद करून बसला होता.

"इंग्रजीच बोलायचं? काही झालं तरी?" बायकोनं विचारलं.

"काही झालं तरी! वातावरणनिर्मिती म्हणतात याला."

"बरं," ती म्हणाली. (इतक्या वर्षांच्या संसारात ती एवढ्या पटकन 'बरं' म्हणाली, तेव्हाच सरांनी सावध व्हायला हवं होतं.)

क्लास सुरू झाला. नर्सची परीक्षा परवावर आली होती, म्हणून आज तिची तोंडी परीक्षेची रंगीत तालीम होती. ती हुशार होती. पेपर लिहायला बसली की मार्क वेचून आणायची. पण बोलायचं म्हटलं की तिची दातखीळ बसायची. याच एका विषयात ती दोनदा नापास झाली होती आणि तिकडच्या हॉस्पिटलनं कळवलं होतं, की या खेपेला जमलं नाही तर आम्ही दुसरी नर्स बघतो.

"टेल मी अबाउट युवर डे," सर परीक्षकाच्या आवाजात म्हणाले.

"आय हॅव... नो, आय हॅड... सॉरी सर, आय हॅज..."

"घाई नको. आधी काळ ठरवा, मग कर्ता, मग क्रियापद. सगळं जुळलं की मगच तोंड उघडायचं." (फर्मान बायकोपुरतं होतं; सरांचं समजावून सांगणं मराठीतच चालायचं.)

नर्सनं काळ ठरवायला डोळे मिटले. तेवढ्यात दारात बायको येऊन उभी राहिली. केस ओले, साडी ओली. ती दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करत होती.

"येस?" सरांनी भुवई उंचावली. "इन इंग्लिश, प्लीज."

"वॉटर," बायको म्हणाली.

"फुल सेंटेन्स."

तिनं सरांकडे जो कटाक्ष टाकला, त्यात पूर्ण वाक्य होतं. पण फर्मान ते फर्मान. "वॉटर कमिंग."

"वॉटर इज कमिंग!" सर आनंदानं विद्यार्थ्यांकडे वळले. "पाहिलंत? 'इज' राहिलं. आपल्याकडे सगळ्यांचं हेच होतं."

बायको बाहेर गेली, काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि ती परत आली. "वॉटर इज कमिंग इन हॉल."

"इन द हॉल. द!"

आता तिनं कमरेवर हात ठेवले. "वॉटर इज कमिंग इन द हॉल, अंडर द सोफा, अँड नाऊ इट इज कमिंग टू यू."

"वा!" सर खुर्चीतच उडाले. शेफनं टाळ्या वाजवल्या. विरही नवऱ्यानं अंगठा दाखवला. आपल्या पद्धतीचा एवढा तडकाफडकी परिणाम सरांनी स्वप्नातही पाहिला नव्हता. सकाळपर्यंत ही बाई 'थँक्यू'च्या पुढे जात नव्हती!

बायकोनं त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "वॉटर हॅज कम."

"प्रेझेंट परफेक्ट!" सर जवळजवळ ओरडलेच. "लक्षात घ्या, हा काळ कधी वापरायचा? जेव्हा क्रिया नुकतीच पूर्ण झाली आहे आणि तिचा परिणाम अजून जाणवतो आहे..."

परिणाम जाणवला. आधी डाव्या तळव्याला, मग उजव्या.

"अगं आई गं! हे काय? आधी सांगता येत नाही?"

"आय टोल्ड," बायको म्हणाली. "मशीन. पाइप. गॉन."

कपडे धुण्याच्या मशीनला पाणी देणारी नळी नळावरून उडाली होती आणि मघापासून कारंजं उडत होतं. सरांनी घाबरून लॅपटॉप उचलून छातीशी धरला. तो तिरका झाल्यामुळे कॅमेऱ्यात जमीन आली, आणि जमिनीवर, टेबलाच्या पायाशी, लाल दिवा लागलेला एक्स्टेन्शन बोर्ड. पाणी त्याच्यापासून वीतभर लांब होतं.

"सर!" लॅपटॉपमधून असा आवाज आला की सरांना वाटलं, क्लासात कुणीतरी नवीन शिरलं. "डोन्ट टच एनीथिंग! देअर इज अ बोर्ड ऑन द फ्लोअर! गेट अप ऑन द चेअर! नाऊ!"

ती नर्स होती. सर खुर्चीवर चढले. (वर टाय आणि खाली चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, हे तोवर फक्त बायकोला माहीत होतं. आता समोरच्या आरशाच्या कृपेनं ते तिघांनाही कळलं.)

"मॅडम, ड्राय युवर हँड्स! वेअर युवर चप्पल! व्हेअर इज द मेन स्विच?"

"नियर डोअर!" बायकोनं पडद्याला हात पुसले.

"इज इट ड्राय देअर?"

"ड्राय, ड्राय!"

"गुड! स्विच इट ऑफ, देन क्लोज द वॉटर! सर, यू आर शेकिंग. ब्रीद! लुक ॲट मी अँड ब्रीद!"

सरांनी श्वास घेतला. आणि तो घेता घेता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिनं काळ ठरवला नाही! कर्ता शोधला नाही! "अहो," ते खुर्चीवरून ओरडले, "तुम्ही इंग्रजी बोलताय!"

"आय नो! नाऊ कीप क्वाएट!"

खट्कन् मेन स्विच पडला, वायफाय गेलं आणि स्क्रीनवर तिघांचे चेहरे जागच्या जागी गोठले. तिकडे सरही तसेच गोठले असणार, तोंड उघडं आणि टाय खांद्यावर.

थोड्या वेळानं मोबाइलवर मेसेज आले. शेफनं लिहिलं होतं, 'रोल प्ले एकदम झकास. पाणी खरं होतं का?' विरही नवऱ्यानं लिहिलं होतं, 'मॅडमचं हॅज कम काळजाला भिडलं.'

सर आणि बायको गुडघ्यांवर बसून फडक्यानं पाणी टिपत होते. सरांना मात्र पाण्याचं दुःख नव्हतंच. "तिला येतंय गं सगळं! मीच इतके दिवस तिच्या जिभेपुढे गतिरोधक घालून ठेवले होते!"

"क्लास संपला का?" बायकोनं विचारलं.

"संपला."

"मराठीत बोलू?"

"बोल की."

मग ती बोलली. त्यात ना स्वल्पविराम होता, ना पूर्णविराम.

दुसऱ्या दिवशी सरांनी नर्सला फोन केला. "व्याकरणाचा विचारही करू नका. परीक्षक समोर दिसला की समजायचं, बोर्डापाशी पाणी आलंय. सुटायचं!"

परीक्षा झाली. निकाल लागेपर्यंत सरांनी घरात इतक्या येरझारा घातल्या, की बायको म्हणाली, फरशी यानंच वाळली. आणि एका दुपारी नर्सचा फोन आला. सरांनी तो मुद्दाम स्पीकरवर टाकला. बायकोलाही ऐकू जायला हवं होतं.

"सर, पास! स्पीकिंगमध्ये हवे होते त्याहून जास्त मार्क! हॉस्पिटलचंही पत्र आलं!"

सरांनी टेबलावर मूठ आपटली, खुर्चीभोवती एक गिरकी घेतली आणि घसा साफ केला. "विषय कोणता आला होता?"

"घाबरलेल्या माणसाला तुम्ही कशी मदत केली, ते सांगा! सर, मी तुमच्यावरच बोलले. खुर्ची, टाय, चड्डी, सगळं सांगितलं. थांबलेच नाही. परीक्षकबाई डोळे पुसत होत्या."

"चड्डीसुद्धा?" सरांचा आवाज जरा खाली आला.

"हो ना! मग त्यांनी विचारलं, तो पेशंट आता बरा आहे का?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं, सर. नो मॅडम, ही इज स्टिल टीचिंग."