डाव्या भुवईवरचा बाण

मेट्रनबाईंचा पारा सकाळी आठलाच चढला होता. नेत्रविभागात त्या दिवशी मोतीबिंदूच्या अकरा शस्त्रक्रिया होत्या, आणि तिथल्या तीन नर्सेसपैकी दोघींना अधीक्षकांनी सभागृहात खुर्च्या मांडायला पाठवलं होतं. दुपारी समारंभ होता. वर्षभरात एकही चूक न झाल्याबद्दल इस्पितळाला रुग्णसुरक्षेचं मानचिन्ह मिळणार होतं.

मेट्रनबाई तडक अधीक्षकांच्या खोलीत गेल्या. पेशंटच्या सुरक्षेचं बक्षीस घ्यायचं म्हणून पेशंटजवळच्याच नर्सेस उचलून न्यायच्या, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. मनगटाला बांधायच्या नावाच्या पट्ट्या संपून आठवडा झाला, तीनदा मागणी पाठवली, त्याचं काय, हेही विचारलं. अधीक्षक पाहुण्यांच्या बसण्याचा तक्ता बघत होते. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, आणि तुमच्यासारखी करडी बाई असताना चूक होईलच कशी, असं ते मान वर न करता म्हणाले. या कौतुकाने मेट्रनबाई आणखीच भडकल्या. त्यात वाचायचा चष्मा घरी राहिलेला. त्यांनी नवऱ्याला फोन केला, चष्मा ताबडतोब नेत्रविभागात आणून द्या म्हणून सांगितलं, आणि पलीकडून उत्तर यायच्या आत फोन ठेवला.

त्यांचे यजमान निवृत्त मुद्रितशोधक होते. पस्तीस वर्षं एका छापखान्यात बसून त्यांनी दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि अनुस्वार सुधारले होते. गेली दोन वर्षं त्यांना डाव्या डोळ्याने धूसर दिसे, पण दोष डोळ्याचा आहे हे त्यांना मान्य नव्हतं. हल्ली शाईच पातळ वापरतात, असं त्यांचं मत होतं. डोळे तपासून घ्या म्हणून बाई वर्षभर हात धुऊन मागे लागल्या होत्या, आणि यजमान वर्षभर वर्तमानपत्राआड दडत होते.

ते चष्मा घेऊन आले तेव्हा नेत्रविभागात एकटी उरलेली नर्स अकरा पेशंटांमध्ये घिरट्या घालत होती. एका हातात थेंबांची बाटली, दुसऱ्यात कापूस, आणि फोन खांदा नि कानाच्या मध्ये. यजमानांनी सांगितलं, मेट्रनबाईंनी बोलावलंय. मग बसा ना काका, येतीलच त्या राउंडला, असं म्हणून तिने भिंतीलगतच्या खुर्च्यांकडे मान हलवली.

रांगेत तीन नंबरची खुर्ची तेवढी रिकामी होती. ती एका म्हाताऱ्या शिंप्याची होती. तो नुकताच बाथरूमला गेला होता आणि जागा राखायला आपली फाइल खुर्चीवर ठेवून गेला होता. यजमानांनी फाइल उचलली, ती कुठे ठेवावी ते कळेना म्हणून मांडीवर घेतली, आणि बसले.

दोन मिनिटांत नर्स आली. तिने मांडीवरची फाइल उघडली, "डावा ना, काका?" असं विचारलं, आणि हनुवटी वर करून डाव्या डोळ्यात थेंब सोडले.

यजमानांच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. डावा डोळा हिला कसा माहीत? म्हणजे चष्म्याचं नुसतं निमित्त होतं. बायकोने सगळं परस्पर ठरवलं होतं, फाइलसुद्धा तयार ठेवली होती, आणि आपल्याला फसवून इथे आणून बसवलं होतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण चारचौघांत, तेही बायकोच्या कामाच्या ठिकाणी, तमाशा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांची रागवायची पद्धत वेगळी होती. ते अबोला धरत. तसा त्यांनी धरला.

दर दहा मिनिटांनी थेंब पडत राहिले. मग हिरवा गाऊन आला, कापडी टोपी आली. कपडे काढून पिशवीत ठेवायला सांगितलं, ते त्यांनी घड्या घालून ठेवले. शेवटी नर्सने पेनाने त्यांच्या डाव्या भुवईवर एक बाण काढला. प्रत्येक गोष्टीबरोबर त्यांचा संताप वाढत होता, आणि संतापाबरोबर अबोलाही. नर्सला इतका शहाणा पेशंट बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

मध्यंतरी शिंपी परत आला. खुर्चीत दुसराच माणूस आणि फाइल त्याच्या मांडीवर. तो बिचारा भिडस्त, काही वेळ तिथेच घुटमळला. नर्सने त्याच्या साध्या कपड्यांकडे पाहिलं आणि नातेवाइकांनी बाहेर थांबायचंय म्हणून सांगितलं. शिंपी बाहेर जाऊन बाकावर बसला. इस्पितळात आपल्याला काय कळतं, असा त्याने विचार केला.

दहाला मेट्रनबाई राउंडला आल्या. शस्त्रक्रियेला पाठवण्याआधीची शेवटची तपासणी त्या स्वतः करत. तिचे नियमही त्यांनीच घालून दिले होते आणि ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले होते: पेशंटच्या चेहऱ्याकडे पाहावं, नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं, आपण सांगून ‘हो’ म्हणवून घेऊ नये. ‘हो’ तर घाबरलेला माणूस कशालाही म्हणतो, हे त्या प्रत्येक नव्या नर्सला दहा वेळा ऐकवत.

पण त्या दिवशी चष्मा नव्हता, हाताखाली माणसं नव्हती, आणि अधीक्षकांचे फोनवर फोन येत होते. यादी हातभर लांब धरूनही नावं लागेनात, तेव्हा त्या खुर्च्यांचे आकडे वाचू लागल्या. डोळे सगळे कागदाकडे.

"तीन नंबर. डावा डोळा. बरोबर?"

थेंबांमुळे यजमानांना समोर नुसता पांढरा ढग दिसत होता, पण आवाज ओळखीचा होता. निदान आता तरी ही ओशाळेल असं त्यांना वाटलं होतं. उलट ती त्यांना नंबराने हाक मारत होती. चौतीस वर्षांच्या संसारानंतर तीन नंबर. त्यांनी नाकातून एक "हं" सोडला. मेट्रनबाईंनी सही केली आणि त्या चार नंबरकडे वळल्या.

शस्त्रक्रियेच्या खोलीत त्या दिवशी शंकासिस्टर होती. चार महिन्यांपूर्वी लागलेली ही नर्स जिथे तिथे प्रश्न विचारी, म्हणून सगळ्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं. तिला कायम करायचं की नाही, ते मेट्रनबाई त्याच महिन्यात ठरवणार होत्या. डॉक्टर हातमोजे घालून तयार होते. दोन शस्त्रक्रिया वेळेत उरकल्या होत्या आणि समारंभाला पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची होती.

शंकासिस्टरने टेबलावरच्या पेशंटला त्याचं पूर्ण नाव विचारलं. दीड तास तोंड मिटून बसलेल्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदाच त्याचं नाव विचारत होतं. यजमानांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव कसं लिहायचं तेही सांगितलं, कारण लोक त्यातली वेलांटी नेहमी चुकवत. शंकासिस्टरने फाइल पाहिली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं, वेलांटीसकट.

डॉक्टरांनी काय अडलंय म्हणून विचारलं. नाव जुळत नाही म्हटल्यावर ते वैतागले. घाबरून म्हातारी माणसं काहीही बरळतात, असं म्हणून त्यांनी इंजेक्शनसाठी हात पुढे केला.

"मेट्रनबाईंची सही आहे ना?"

"आहे, सर."

"मग?"

"सही बरोबर आहे, सर. माणूस बरोबर नाही."

तिने इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टर काय काय बोलले ते तिने ऐकून घेतलं. ती ट्रे आणि टेबलाच्या मधून हलली नाही. मेट्रनबाईंना बोलावल्याशिवाय पुढे काही होणार नाही, एवढंच ती सांगत राहिली.

मेट्रनबाई आल्या त्या दारातूनच कडाडत. नियम कशासाठी केलेत, पेशंट म्हणजे पोतं आहे का, चेहरा बघायला काय डोळे फुटलेत का, आणि आज दुपारी कोणत्या तोंडाने ते मानचिन्ह घ्यायचं. त्या बोलत असतानाच टेबलावरून शांत आवाज आला.

"चष्मा आणलाय. माझ्या शर्टाच्या खिशात आहे."

मेट्रनबाईंनी टोपीखालच्या चेहऱ्याकडे आता पाहिलं. भुवईवरच्या बाणाकडे पाहिलं. मग त्या स्टुलावर बसल्या.

पाच मिनिटांनी उठल्या, त्या चौकशीलाच. थेंबांच्या नर्सला बोलावलं. ती रडवेली झाली. ते म्हणाले मेट्रनबाईंनी बोलावलंय, हातात फाइल होती, मी एकटी कुठे कुठे बघू, एवढंच ती म्हणत राहिली. शिंपी बाहेर बाकावर सापडला. आपला नंबर आला का, असं त्याने नम्रपणे विचारलं. ज्याला रोज सुईत दोरा ओवायचाय त्याची लेन्स एव्हाना भलत्याच्या डोळ्यात बसली असती, हे मनात येऊन मेट्रनबाईंच्या अंगावर काटा आला. शेवटची तपासणी कोणी केली, असं त्यांनी गरजून विचारलं. शंकासिस्टरने खाली मान घालून कागद पुढे केला. मेट्रनबाईंनी चष्मा लावला. सही चांगली ठसठशीत होती.

अधीक्षक धावतच आले, ते मजकूर तयार करून. पेशंटला काही झालेलं नाही, तेव्हा समारंभ होईपर्यंत हे चुकांच्या नोंदवहीत चढवायची घाई नको, आणि चढवायचंच तर असं, म्हणून त्यांनी मेट्रनबाईंच्या खोलीत तो वाचून दाखवला. "गर्दीच्या वेळी ओळख पटवण्याच्या प्रक्रियेत किंचित त्रुटी राहिली, तथापि ती तात्काळ दूर करण्यात आली."

यजमान कोपऱ्यात काळा चष्मा लावून बसले होते. अबोला चालूच होता, पण पस्तीस वर्षांची सवय त्याहून जुनी होती.

"वाक्यात कर्ता नाही," ते म्हणाले.

अधीक्षकांना कळलं नाही.

"राहिली, करण्यात आली. कोणाकडून राहिली, कोणी दूर केली, कुठेच नाही. असला मजकूर आम्ही परत पाठवत होतो."

मेट्रनबाई यजमानांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वही ओढली आणि लिहिलं: ‘तपासणी मी केली. चेहरा न पाहता, नाव न विचारता मी सही केली. पुढची चूक नव्या नर्सने डॉक्टरांचा राग पत्करून थांबवली.’ त्याखाली पट्ट्यांच्या तीन मागण्यांच्या तारखा लिहिल्या. त्याखाली, दोन नर्सेस त्या वेळी कुठे होत्या आणि कोणाच्या हुकमाने, तेही लिहिलं. अधीक्षकांचा चेहरा उतरला. आता पाहुण्यांना काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं. हेच वाचून दाखवा, असं मेट्रनबाई म्हणाल्या, आणि आपल्या दोघी नर्सेस दहा मिनिटांत परत मागितल्या. त्या सहा मिनिटांत आल्या. दुपारी पाहुणे आले, चहा घेतला, आणि मानचिन्ह गाडीतून परत घेऊन गेले.

शिंप्याची शस्त्रक्रिया त्याच दिवशी नीट पार पडली. यजमानांचा अबोला मात्र आठवडाभर टिकला. तो मोडला तोही नाइलाजाने, कारण डॉक्टरांनी जाता जाता बॅटरी मारून पाहिलं होतं आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू खरंच पिकलेला निघाला होता. शाईवर ढकलायला आता जागा उरली नव्हती.

दीड महिन्याने ते रीतसर दाखल झाले. मेट्रनबाई त्या दिवशी रजा टाकून, साध्या कपड्यांत, त्यांच्याबरोबर आल्या. मनगटाला पट्टी होती. आदल्याच आठवड्यात कायम झालेली शंकासिस्टर कागद घेऊन समोर उभी राहिली आणि तिने यजमानांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं.

मेट्रनबाईंनी ते घडाघडा सांगितलं.

"बाई," शंकासिस्टर कागदावरून नजर वर करून म्हणाली, "तुम्हाला नाही विचारलं."

मेट्रनबाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी ओठ मिटले. खोलीत एकदम शांतता पसरली. यजमानांनी उशी नीट केली, घसा खाकरला आणि दोघींकडे एकेकदा पाहिलं. अशी शांतता त्यांच्या वाट्याला बऱ्याच वर्षांनी आली होती. नाव सांगायला त्यांनी जरा वेळच घेतला.