देवधरांची दुसरी प्रत

आमच्या अयोध्या नगरातले देवधर कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी विचारतात, "फोटोंची दुसरी प्रत कुठे ठेवलीय?"

कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेल्या या गृहस्थांना कुठूनसा एक फुकटचा प्रोग्राम सापडला. विंडोज, मॅक, लिनक्स, कशावरही चालतो. डावीकडे मूळ फाइली, उजवीकडे प्रत. जे कमी असेल ते तो भरून काढतो. तो चालू असताना देवधर गॅसवर दूध ठेवल्यासारखे समोरून हलत नाहीत. संपलं की एकेक फाइल उघडून बघतात. "कॉपी झाली म्हणजे काय झालं? उघडते का ते बघा."

मी बावीस वर्षं शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. पूर्वी कॉलनीत कोणाचंही मशीन अडलं की मला बोलावणं यायचं, चहा-पोहे व्हायचे. आता सगळे देवधरांकडे. शर्माजी तर मलाच थांबवून सांगतात, "भाईसाब, देवधरजी ने बिटिया की पूरी शादी बचा ली." मी हसतो. पोटात दुखतं.

तीन-चार वर्षं देवधर माझ्याही मागे होते. "मास्तर, तुमच्या मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ द्या की." मी म्हणायचो, "माझं मी बघतो." बघितलं काहीच नव्हतं. घरच्या सगळ्या व्हिडिओंची डिस्क कपाटात साड्यांखाली पडलेली.

गेल्या रविवारी कळलं, बायकोने ती परस्पर त्यांना नेऊन दिली. "तुम्ही बावीस वर्षं शिकवताय. करून कधी देणार?" असं म्हणाली. मी तसाच चप्पल घालून डिस्क परत आणायला निघालो.

दार उघडंच होतं. पडद्यावर आमच्या मुंजीची पंगत थांबवलेली होती. देवधर वळले नाहीत. "बसा, मास्तर. तुमची परवानगी हवी होती."

त्यांनी व्हिडिओ सुरू केला. कडेला श्रीखंडाचं पातेलं घेऊन मालतीवहिनी वाकल्या होत्या. देवधरांच्या पत्नी. त्या जाऊन चार वर्षं झाली. "घ्या हो, लाजता काय," त्या कोणालातरी म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे सरकल्या.

"तिचे सगळे व्हिडिओ मीच घालवले," देवधर म्हणाले. "कॉपीऐवजी कट केलं. मध्येच लाइट गेली. ना इकडे राहिलं, ना तिकडे. आता लोकांच्या कार्यांत शोधतो. कुठे पाठ दिसते, कुठे नुसता हात. आवाज आज पहिल्यांदा मिळाला. एवढा तुकडा घेऊ का?"

मी हो म्हटलं. त्यांनी माऊसवर हात ठेवला, मग काढून घेतला. "तुम्हीच करा. माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी केलं. तुकडा उघडून दाखवला. त्यांनी तो आणखी दोनदा लावायला सांगितला.

घरी आलो तर बायको दारातच. "आणलीत का डिस्क?"

"राहू दे त्यांच्याकडे," मी म्हटलं. "त्यात आपल्याकडच्या हळदीकुंकवाचे दोन व्हिडिओ आहेत. ते अजून बघायचे राहिलेत त्यांचे."