चार बोटं समुद्र

केनवडच्या विमलबाईंनी लेकीच्या सोयरिकीला एकच अट घातली होती. पोरीवर वेळ आली, तर भाऊ त्याच दिवशी तिच्यापर्यंत पोचला पाहिजे. भाऊ देवमन बंगालच्या उपसागरातल्या एका बेटावर नोकरीला. पाहिलेला मुलगा दुसऱ्या बेटावर. विमान दोन्हीकडे उतरत होतं. मधलं अंतर काढायचं काम शाळेच्या उकंडराव गुरुजींवर आलं.

गुरुजींनी भिंतीवरच्या कापडी नकाशावर दोरा धरला, खालच्या प्रमाणाशी ताडला आणि म्हणाले, "पन्नास किलोमीटर. इमानानं पंधरा मिंटं."

"म्हंजे वाशीमपरीस जवळ!" विमलबाई म्हणाल्या, आणि पंचफुलाचं लग्न झालं.

सहा महिन्यांनी देवमनचं पत्र आलं. अंतर पावणेतीनशे किलोमीटर निघालं होतं. विमान आठवड्यातून एकदा, आणि त्यात जागा घरात मयत झाली तरच. लग्नानंतर बहिणीचं तोंड त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

विमलबाई पत्र घेऊन शाळेत आल्या. गुरुजींनी पुन्हा दोरा धरला. पुन्हा पन्नासच. मग त्यांना समुद्रात शिवण दिसली. जानराव शिंप्याला बोलावणं गेलं.

"उंदरानं खाल्लं व्हतं, गुरुजी. तेवढं कापून जोडून देल्लं. असन चार बोटं."

"अरे, समुद्र कापला तू!"

"नुसतं पानीच व्हतं. गाव एकबी नाही कापलं," जानराव दुखावून म्हणाला.

विमलबाईंनी त्या शिवणीवर चार बोटं ठेवून पाहिली. मग म्हणाल्या, "गुरुजी, तार लिहा. आई वारली."

"कोनाची?"

"देवमनची. दुसऱ्याची कायले लिहू?"

"तुमी तं जित्या हा, विमलबाई!"

"मंग इमानात जागा भेटन काय?"

अंतर चुकलेल्या माणसाला फार बोलता येत नाही. गुरुजींनी 'तार खोटी आहे' असं पत्र आधी पंचफुलाला टाकलं आणि आठ दिवसांनी देवमनला तार केली. पत्र बोटीनं गेलं, तार तारेनं.

महिन्याभरानं देवमनचं उत्तर आलं. गुरुजींनी वाचून दाखवलं. विमानात जागा मिळून तो बहिणीकडे पोचला होता, पण गुरुजींचं पत्र येईपर्यंत बहीणभाऊ खरोखरच रडले होते. पंचफुला जेवली नव्हती.

"किती दिवस?" विमलबाईंनी विचारलं.

"तीन."

"चांगली हाये पोरगी," विमलबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून समाधानानं घरी गेल्या.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा शाळेच्या दारात उभ्या.

"पंचफुलाले दिवस गेलेत. बाळंतपनाले भाऊ जवळ पाह्यजे."

"मंग?"

"मी तं मेली एकदा. तिथल्या हापिसात लिहून हाये." आणि त्या गुरुजींकडे बघत राहिल्या.

"आजारी लिहिलं तर नाही चालत?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"आजाऱ्यासाठी जागा देत नाही थे."

गुरुजींनी टाक उचलला. "नातं काय टाकू?"

"मामा."

"फक्त वार्षिक परीक्षा होऊ द्या," गुरुजी म्हणाले, आणि स्वतःच्या मरणाला एप्रिलनंतरची तारीख मागून घेतली.