ठिसूळ लोखंड

प्रेमानंद वानखडे यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही समजावून सांगितलं, आणि घोटाळा तिथंच झाला.

नांदुऱ्याच्या एका शाळेत अडतीस वर्षं ते प्रयोगशाळेत परिचर होते. शिक्षक शिकवत, हे परीक्षानळ्या विसळत. ऐकून ऐकून आणि शाळेनं रद्दीत काढलेली पुस्तकं वाचून त्यांना बरंच कळू लागलं होतं. पण आपल्याला कळतं ते बरोबर आहे का, हे विचारायला माणूस नव्हता.

मेव्हण्याच्या रोहिणखेडच्या शेतात नांगराला एक लोखंडी गोळा अडकला होता. आकार नारळाएवढा, पण उचलायला दोन माणसं. नऊ वर्षं त्यांच्या पत्नी महामायाबाईंनी तो दाराला टेकण म्हणून वापरला. तो अशनी आहे, आकाशातून पडलेला आहे, असं प्रेमानंदांना वाटे. कुणीतरी जाणत्यानं एकदा 'हो' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पुण्याच्या एका संस्थेला त्यांनी अकरा पत्रं लिहिली. अकराव्याला उत्तर आलं : एक बाजू कापून, घासून फोटो पाठवा.

म्हणून ते गोळा घेऊन कारभारीच्या वेल्डिंगच्या दुकानात आले होते. तीन पाती झिजल्यावर एक बाजू कापली गेली. करड्या लोखंडात चांदीसारख्या पांढऱ्या रेषा लखलखल्या.

"काका, हे चमकून काय राह्यलं?" कारभारीनं विचारलं.

अडतीस वर्षांत त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. प्रेमानंद विरघळले. "ते फॉस्फाइड होय. लोखंड, निकेल अन् फॉस्फरस मिळून झालेलं. आपल्या खाणीतल्या लोखंडात हे सहसा भेटत नाई. हे आभायातून आलं, कारभारी. मंगळ अन् गुरू हायेत ना, त्याच्या मधातून."

ट्रॉलीचा हूक जोडून घ्यायला आलेले शेषराव अडते स्टुलावर बसले होते. त्यांनी कान टवकारले. "अन् गुरूच्या पुढं कोन राह्यते?"

"शनी."

"म्हंजे शेजारीच!" शेषराव उभेच राहिले. त्यांना दोन वर्षांपासून साडेसाती होती.

"शेजारी नाई हो, कोट्यवधी किलोमीटर..."

"असन ना. पन रस्ता तर तोच!"

प्रेमानंदांनी खडू मागून घेतला आणि जमिनीवर वर्तुळं काढून सगळे ग्रह दाखवले. दोघांनीही फार आदरानं ऐकलं. त्या आनंदात ते गोळा तिथंच ठेवून, नुसता फोटो काढून घरी गेले. फोटो पाठवला आणि त्याच संध्याकाळी कंबर धरली. गोळा उचलल्याचा तो परिणाम. आठ दिवस ते अंथरुणात होते.

नवव्या दिवशी उत्तर आलं. 'फोटोत तुमचा अंगठाच जास्त स्पष्ट आहे. तरी अकोल्याला जाताना शनिवारी उतरतो. नमुना तयार ठेवावा. डॉ. चंद्रशेखर.' प्रेमानंदांनी ते चारदा वाचलं आणि कंबर धरत दुकान गाठलं. दुकानासमोर रांग होती.

"या काका, बसा! तुमच्याच नावानं दुकान चालू राह्यलं!"

"माहा गोळा कुठी आहे?"

कारभारीनं त्यांना मागच्या बाजूला नेलं. "शेषरावदादानं जीव खाल्ला हो. शनीची अंगठी पाहिजे, आभायातल्याच लोखंडाची. मी म्हटलं, काका काही नाई म्हननार नाईत."

"म्हटलं असतं नाई."

"तुमी? तुमी कधी म्हटलं हो कोनाले नाई?"

प्रेमानंद कंबर धरूनच ऐरणीखाली वाकून पाहू लागले.

"पन खरं सांगू काका, नासकं निघालं तुमचं लोखंड. घन मारला का त्या चमकत्या रेषेतून तडा. एक अंगठी धड झाली नाई. साऱ्या गोळ्याचा चुरा!"

प्रेमानंदांच्या डोळ्यांत पाणी आलं. फॉस्फाइडनं लोखंड ठिसूळ होतं, हे पुस्तकात जसं होतं तसंच घडलं होतं. म्हणजे आपण बरोबर होतो! "चुराच दे, बाबा. मूठभर दे."

"मंगळवारी भंगारच्या गाडीत गेला ना, जालन्याले. आतालोक सळया झाल्या असतीन त्याच्या. बसन कोनाच्या तरी स्लॅबमंदी."

"मंग ही रांग कायची?"

कारभारीनं आवाज उतरवला. "अंगठ्याईची. ट्रॉलीचा कमानपाटा कापून करून राह्यलो, शेषरावदादालेबी त्याचीच देली. हे बोलू नका कुठी. अंगठी घातल्याबरोबर शेषरावदादाची तहसीलात अडकलेली केस त्याईच्या बाजूनं लागली, त्याईनं साऱ्या गावात सांगतलं. समजलं तर फोडतीन लोकं मले."

घरी महामायाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "खरं सांगतलं तर कारभारी मार खाईन, नाई सांगतलं तर तुमची फजिती होईन. पाहा बुवा तुमी आता."

प्रेमानंदांनी दोन दिवस पाहिलं. शेवटी कारभारीला मार बसू नये, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांना बोलायचा धीर झाला नाही.

शनिवार असल्यानं दुकानात गर्दी दुप्पट होती. डॉ. चंद्रशेखर आले, रुमालानं स्टूल पुसून बसले. "हं, काका. नमुना?"

प्रेमानंद काही बोलायच्या आत शेषरावांनी बोटातली अंगठी काढून पुढे केली. "हे घ्या सायेब. याईच्याच गोळ्यातली."

डॉक्टरांनी अंगठी कानशीनं घासली, औषधाचे थेंब टाकले, कापसाचा बोळा फिरवला. "निकेल असतं तर बोळा गुलाबी झाला असता. हे गाडीच्या स्प्रिंगचं पोलाद आहे. फॉस्फाइड वगैरे काही नाही."

कारभारीचा चेहरा पडला. प्रेमानंदांनी डोळे मिटले.

"असन सायेब," शेषराव शांतपणे म्हणाले, "पन केस तर लागली ना?"

"हाव ना! लागली तर लागली!" मागून आवाज आले, आणि रांग होती तशी पुढे सरकली. कुणी कारभारीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता भिण्यासारखं काही राहिलं नव्हतं. प्रेमानंद पुढे झाले. "साहेब, खरा गोळा वेगळा होता. तो ठिसूळ होता, त्याचा चुरा झाला. चुरा झाला म्हणूनच तर..."

"म्हणजे वस्तू नाही, हाच तुमचा पुरावा?" डॉक्टर हसले. "काका, वाचन चांगलंच असतं. पण या वयात माणसानं झेपेल ते वाचावं." त्यांनी वहीत एक ओळ लिहून खाली रेघ मारली. बाराव्या पत्राची सोय राहिली नाही.

गाडीला पंचवीस मिनिटं होती. डॉक्टरांनी पेटी उचलली, दोन पावलं गेले, मग परत येऊन कारभारीच्या कानाशी वाकले. "काय आहे, मुलीचं लग्न जमत नाही तीन वर्षं. आमची ही म्हणते साडेसाती. माझ्या मापाची असेल का एखादी?"

"आहे ना सायेब!"

"तशी नका घालू," शेषरावांनी अडवलं. "ज्यानं लोखंड आणलं त्याच्या हातानं घाला. तवाच लागू पडते."

डॉक्टरांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग प्रेमानंदांच्या समोर येऊन त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मान खाली घातली.

"घाला ना, सर."

स्वतःच्या मनगटाला कधी साधा काळा दोरा न बांधलेल्या प्रेमानंदांनी कारभारीनं दिलेली अंगठी डॉक्टरांच्या मधल्या बोटात चढवली. सांध्यापाशी अडली, तेव्हा चांगला जोर लावून आत ढकलली. कमानपाट्याची होती, तडकायची भीती नव्हती.