पास्कल अंकलची पाठवणी

आपल्या टीमने एखादा खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन टाकला, की टोरांटोतले बेसबॉलवेडे लोक एक तर शिव्या घालतात, नाही तर बदल्यात कोण आलं ते बघतात. आमचे शेजारी पास्कल अंकल तिसरंच काहीतरी करतात. ते गेलेल्या खेळाडूबरोबर जातात. म्हणजे देहाने टोरांटोच्या स्कारबरो भागातच असतात, आपल्या बेसमेंटमधल्या तपकिरी सोफ्यावर. पण त्या मुलाची नव्या गावातली पहिली मॅच असली, की त्या गावचा रेडिओ फोनवर लावतात, चहाचा मग समोर ठेवतात आणि त्याचं नाव पुकारलं गेलं की टाळ्या वाजवतात. एकटेच.

"अहो अंकल, आपली मॅच पण चालू आहे ना आत्ता? वर टीव्हीवर?" मी एकदा विचारलं.

"आपल्या टीमला टाळ्या वाजवायला अख्खं शहर आहे, सुलू. त्याचं तिथं कोण आहे? नवीन घर आहे गो त्याचं."

म्हणे नवीन घर, कपाळ!

बेसबॉल ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की इथे खेळाडूंची अदलाबदल होते, तिला ट्रेड म्हणतात. सकाळी माणूस टोरांटोत नाश्ता करतो आणि संध्याकाळी त्याला टेक्सासच्या विमानात बसवतात. बायको इथे, पोरांची शाळा इथे, फ्रिजमधलं दूधसुद्धा इथेच. सगळ्या जगाला हा धंद्याचा भाग वाटतो. अंकलना मात्र ती मुलीची सासरी पाठवणी वाटते. आमच्याकडे पूर्वी नवरीबरोबर पाठराखीण पाठवायचे, नव्या घरात तिला एक तरी ओळखीचं तोंड दिसावं म्हणून. पास्कल तुस्कानो, राहणार मूळ वसई, हे या टीमची पाठराखीण आहेत. मिशीसकट.

मी हे गमतीत म्हणते, पण त्यांच्याबरोबर मॅचला गेल्यावर गंमत राहत नाही. एकदा आम्ही चौघं स्टेडियममध्ये होतो. अंकल, मी, आमचे हे आणि अभ्यंकर डॉक्टर. डॉक्टर म्हणजे रिटायर झालेले हाडांचे डॉक्टर, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. त्या दिवशी आपल्याकडून गेलेला एक मुलगा दुसऱ्या टीमकडून आपल्याविरुद्ध खेळायला आला होता. त्या मेल्याने काय करावं? पहिल्याच फटक्यात होमरन मारला, म्हणजे आपल्या क्रिकेटमधला षटकारच. अख्खं स्टेडियम चिडीचूप. आणि त्या शांततेत आमचे अंकल उभे राहून टाळ्या वाजवतायत! मागचा बिअरवाला माणूस ओरडला, खाली बस म्हणून. अंकलनी शांतपणे मागे वळून सांगितलं, "ही इज अवर बॉय." डॉक्टर उठून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसले. आमचे हे हॉटडॉग खात होते, त्यांना काहीच कळलं नाही.

त्याहून कहर म्हणजे त्यांनी एकदा अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या रेडिओला फोन लावला होता. तिथे लोक फोन करून आपल्या टीमबद्दल बोलतात, तसला कार्यक्रम. आपला एक लाजाळू पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तिकडे गेला होता आणि सुरुवातीला मार खात होता. तिकडचे लोक त्याला नावं ठेवायला लागले. अंकलनी रांगेत थांबून नंबर लावला आणि सांगितलं, की हा मुलगा पहिले काही दिवस बुजतो, जरा धीर धरा, हुर्यो करू नका. निवेदकाने विचारलं, कुठून बोलताय? "स्कारबरो." तो बिचारा गोंधळला असणार. त्याने पुढचं विचारलं, तुम्ही त्याचे कोण? अंकल म्हणाले, "नेबर."

खेळाडूंना ते खऱ्या नावाने कधीच हाक मारत नाहीत. सगळ्यात जास्त पगारवाला तो पाटील. तिसऱ्या बेसवर सदा हात चोळत उभा असतो तो उपाशी. आणि बॅटरच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा आपला जुना कॅचर, तो थोरला. थोरला त्यांचा विशेष लाडका. वय झालं होतं, केस गेले होते. टीमने त्याला इतकी वर्षं कसं काय ठेवलं, याचंच डॉक्टरांना आश्चर्य वाटायचं.

दर वर्षी फेब्रुवारी संपत आला, की अंकलच्या बेसमेंटमध्ये आमची बैठक बसते. तिकडे फ्लोरिडाच्या उन्हात टीमचा सराव सुरू झालेला असतो, इकडे आम्ही बूट दारात काढून, जाड मोजे घालून, कोणाला ठेवायचं आणि कोणाला द्यायचं ते ठरवतो. टीमचे मालक आमच्यासाठीच थांबलेले असतात ना! वसईहून आलेली सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आणि चहा असतो. आमचे हे फक्त सुकेळ्यांसाठी येतात आणि शेवटी एकदाच विचारतात, "मग जिंकणार का?"

या वर्षीची बैठक मात्र मला नकोशी वाटत होती. जानेवारीत अंकल ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण दूर पश्चिमेच्या कॅल्गरीहून त्यांची मुलगी शेरन धावत आली. ती तिथे एका तेल कंपनीत इंजिनिअर आहे. चार दिवसांत तिने एजंट बोलावला, घराचे फोटो काढून घेतले, आणि जाताना मला म्हणाली, "सुलू आंटी, डॅडी इज मूव्हिंग इन विथ अस. मार्चमध्ये. त्यांना जरा समजावा ना, प्लीज." समजावायचं म्हणजे काय, ते मला समजेना. अंकल हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. घरापुढे विक्रीची पाटी लागली तरी ते तिच्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. त्यांची बायको फिलोमिना आंटी वारल्यापासून हा माणूस या घरात एकटा राहतोय, ते त्याला आवडतं म्हणून की दुसरं काही सुचत नाही म्हणून, हेच मला कळायचं नाही. त्यांना जायचंय की नाही? आणि विचारायचं तरी कसं? मी आपली रोज खिडकीतून पाटीकडे बघायची.

बैठकीला डॉक्टर तयारीनिशी आले होते. बसल्या बसल्या म्हणाले, "या वर्षी थोरल्याला काढायचं. त्याला देऊन दोन तरुण पिचर घ्यायचे."

"कशाला?" अंकल.

"अरे, गुडघे बघ त्याचे! मी टीव्हीवरून सांगतो, आत काही शिल्लक नाही. उठताना तोंड बघ त्याचं."

"उठतो ना पण?"

"उठतो, पण किती दिवस?"

"कुठे पाठवायचा म्हणतोस?"

"सिएटल. त्यांना कॅचर हवाय."

अंकल मग कामालाच लागले. सिएटलला पाऊस फार, गुडघ्यांना वाईट. तिथल्या टीममध्ये थोरल्याशी स्पॅनिश बोलणारं कोण आहे? थोरल्याची धाकटी मुलगी पहिलीत आहे, तिला वर्षाच्या मध्ये शाळा बदलायला लावायची? त्या टीमचा कोच तापट आहे म्हणतात, खरं का?

"पास्कल," डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "आपण टीम बांधतोय की सोयरीक जुळवतोय?"

"दोन्हीत माणूसच पाठवायचा असतो."

"अरे पण तो प्रोफेशनल आहे! पैसे घेतो!"

"घेऊ दे. पण त्याला कोणी विचारलं?"

हे अंकलचं ठरलेलं वाक्य. दर वर्षी, दर खेळाडूच्या वेळी ते येतंच, आणि दर वर्षी डॉक्टर त्यावर डोळे फिरवतात. या वर्षी डॉक्टरांनी डोळे फिरवले नाहीत. चहाचा मग खाली ठेवला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले,

"आणि तुला, पास्कल? तुला कोणी विचारलं?"

मी चपापले. इतके दिवस माझ्या जिभेवर आलेला प्रश्न या हाडाच्या डॉक्टरने सरळ काढून समोर ठेवला. आमच्या ह्यांचा हातसुद्धा सुकेळ्यांच्या ताटलीवर थांबला.

अंकलनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "विचारलं ना. शेरनने विचारलं. मी हो म्हटलं. मला जायचंय रे."

"मग गप्प का आहेस महिनाभर?"

"जायला घाबरत नाही मी. नातवंडं आहेत, पोरगी मायेची आहे. जावई सुद्धा चांगला, जरा हॉकीवाला आहे, पण चालायचंच. मला पहिल्या दिवसाची भीती वाटते. तिला एवढीच सुट्टी मिळणार, विमानतळावरून आणून घरी सोडण्यापुरती. दुसऱ्या दिवशी ती कामावर, जावई कामावर, पोरं शाळेत. आणि मी कोट घालून खिडकीशी."

"कोट कशाला घरात?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी ते सांगितलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण हे मला ठाऊक नव्हतं. फिलोमिना आंटी लग्न करून वसईहून पहिल्यांदा इथे आल्या तो एप्रिल होता. बाहेर बर्फ. अंकल तेव्हा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नवीन होते, रजा मागायची हिंमत नव्हती. दुसऱ्याच सकाळी तिला त्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये ठेवून हे शिफ्टला गेले. हीटर कसा वाढवायचा ते सांगायचं विसरले. संध्याकाळी येऊन बघतात तर नवी नवरी कोट घालून, स्कार्फ गुंडाळून, जमिनीच्या पातळीवरच्या त्या इवल्याशा खिडकीशी बसलेली. रडून झालेलं होतं. शेजारी आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेला रेडिओ, आणि त्याच्यावर बेसबॉलची कॉमेंट्री.

"मी म्हटलं, फिलू, हे काय ऐकतेस? तुला इंग्लिश कुठे येतं एवढं? तर म्हणाली, काही कळत नाही हो. पण एक माणूस सारखा बोलतोय. रागावत नाही, घाई करत नाही. मला वाटलं, असू दे घरात कोणीतरी."

अंकलनी नाक शिंकरलं.

"बेसबॉल मला तिने शिकवला. मी कारखान्यातून यायचो आणि ती स्कोअर सांगायची. पण तो दिवस मी तिला एकटीला काढायला लावला, तो मनात राहूनच गेला. कोण नवीन घरी गेलं की मला तिथं कोट दिसतो."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याला अंकलचं खूळ म्हणत होतो, ते हे होतं. मला इतकी लाज वाटली आणि इतकं प्रेम दाटून आलं त्या माणसाचं, की मी सरळ उठून चहा गरम करायला गेले. मागून आमच्या ह्यांचा आवाज आला, "मग जिंकणार का?" आणि अंकल खो खो हसले. देव आमच्या ह्यांचं भलं करो.

मार्चच्या मध्याला घर विकलं गेलं. आम्ही अंकलना विमानतळावर सोडलं. सुकेळ्यांची उरलेली पुडी त्यांनी ह्यांच्या हातात दिली, डॉक्टरांना मिठी मारली आणि बजावलं, "थोरल्याला देऊ नका." जसं काही डॉक्टरांच्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर डॉक्टर. टोपीवर बर्फ, काखेत एक छोटा स्पीकर. "वहिनी, तुमचं वायफाय जरा वापरू का? माझ्याकडे नीट चालत नाही," म्हणाले. मला वाटलं फ्लोरिडाची मॅच लावतायत. लावलं तर कोणी बाई ट्रॅफिक सांगत होती. कुठल्याशा हायवेवर गाड्या तुंबल्यात, कुठल्याशा पुलाजवळ ट्रक बंद पडलाय.

"हे कुठलं स्टेशन?"

"कॅल्गरी," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्याचा पहिला दिवस ना आज."

मी चहा टाकला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून कॅल्गरीच्या बातम्या ऐकत राहिलो. कुठल्या शाळेची बस उशिरा येणार, दुपारी डोंगराकडून गरम वारा सुटणार, बर्फ वितळणार. ते गाव आमच्यापैकी कोणी पाहिलेलंही नाही. मग मी अंकलना व्हिडिओ कॉल लावला.

फोन उचलला तेव्हा मागे एक मोठी खिडकी होती. आणि अंकलच्या अंगात कोट होता.

"अंकल, कोट काढा आधी," मी म्हटलं. "दुपारी गरम वारा सुटणार आहे तुमच्याकडे. आणि बाहेर पडलात तर पुलाकडून जाऊ नका, ट्रक बंद पडलाय."

अंकल बघतच राहिले. "तुला कसं कळलं?"

मी स्पीकर फोनजवळ धरला. ती बाई अजून बोलत होती, न रागावता, न घाई करता. अंकलनी ऐकलं, बराच वेळ. मग विचारलं, "कोण कोण आहे तिथं?"

"सगळे आहोत."

"डॉक्टर पण?"

डॉक्टर फोनकडे सरकले. मग ते उठून उभे राहिले आणि आमच्या स्वयंपाकघरात, फोनसमोर, टाळ्या वाजवायला लागले. मीही उठले. आमच्या ह्यांनी हातातलं सुकेळं खाली ठेवलं.

कॅल्गरीत अंकलनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने कोटाची बटणं काढायला सुरुवात केली.