घोरपड आणि साहेबांचा पट्टा

१९७१ साली आमच्या धुलाई कंपनीच्या ट्रकवर चादरींचे गठ्ठे चढवणारी मी एकटीच बाई होते. नोकरी संपेपर्यंत ट्रकवरून एकदाही पडले नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझी पद्धत सोपी होती. दोन हात, दोन पाय; त्यातले तीन कायम ट्रकला चिकटलेले. ड्रायव्हर लंबूदादा हौद्यातून धाडकन उडी मारायचा आणि वर मलाच विचारायचा, “उतरली का घोरपड, की तोवर चहा पिऊन येऊ?”

मग नवे साहेब आले. “बाई, उद्यापासून तुम्ही इस्त्रीला. एक दिवस पडाल आणि निस्तरावं मला लागेल.”

इस्त्री खात्याची मुकादम माझी नणंद! घरी तिचे हुकूम झेलायचे आणि इथेही?

“साहेब, मी पडत नाही. पडतात ते उड्या मारणारे.”

“चढण्यात एवढं काय आहे? बघा.”

पायात चकचकीत बूट, हातात चहाचा कप. लंबूदादाने मागून रेटा दिला तेव्हा कुठे साहेब हौद्यात पोचले. मीही मागोमाग चढले. वर उभे राहून ते मला शिकवू लागले आणि शिकवता शिकवता एक पाऊल मागे सरकले. मागे हौदा संपला होता! चहा लंबूदादाच्या डोक्यावर गेला. माझा एक हात नेहमीप्रमाणे हौद्याच्या फळीच्या साखळीवर होता. दुसऱ्याने मी साहेबांचा कमरपट्टा पकडला. दोरीवरच्या ओल्या सदऱ्यासारखे साहेब अधांतरी डुलू लागले.

“बाई, सोडू नका.”

“छे हो. पण साहेब, उद्या मी इस्त्रीलाच ना?”

“ट्रकवर! ट्रकवर!”

तेवढ्यात बक्कल तुटलं. पट्टा माझ्या हातात, साहेब खाली मळक्या चादरींच्या ढिगात. ते उठले, पँट मात्र ढिगातच राहिली. नणंदेने ती धुऊन, कडक इस्त्री करून देईपर्यंत साहेब चादर गुंडाळून केबिनमध्ये बसून होते.

आठवड्याभरात प्रत्येक ट्रकला धरायला दांडा बसला आणि सगळ्यांनी माझ्यासारखंच चढायचं, असा हुकूम निघाला.

साहेब पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले. माझ्या निरोपाला आले तेव्हा कमरेला पट्टा होताच, शिवाय खांद्यांवरूनही दोन होते. लंबूदादाचे गुडघे उड्यांनी खाल्ले. आता तो जिन्याचा कठडा सोडत नाही.

आणि मी परवा पलंगावरून पडले. पलंगाला दांडा नाही हो. पाय प्लास्टरमध्ये आहे आणि सेवेला नणंद आली आहे. पाय बरा होईपर्यंत ती सांगेल तसंच वागायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय.