कांबळेबाईंचं ‘आणखी दोन दावा’

कांबळेबाईंची दाढ दुखायला लागली, तेव्हा त्यांनी तीन डॉक्टरांकडून दाढ काढायचा दर लिहून घेतला, तिन्ही पाकिटं बंद करून ऑफिसात आणली आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांच्या देखत फोडली. सगळ्यात कमी दराचा डॉक्टर नेमका गावाला गेला होता. बाई सुजलेला गाल घेऊन तो परत येईपर्यंत बसल्या, पण दुसऱ्याकडे गेल्या नाहीत.

आमचं ऑफिस सरकारी, कोल्हापुरातलं. कुठलं ते विचारू नका. खरेदी विभागात त्या मुख्य आणि मी त्यांच्या हाताखाली. खुर्ची, पंखा, फिनेल, काहीही घ्यायचं असो, दुकानदारानं वस्तू टेबलावर ठेवली की बाई तिच्याकडे न बघताच म्हणत, “आणखी दोन दावा.” हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की भाचीला स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा समोर पोहे खात असतानाच त्यांनी ते म्हटलं. मुलाला ठसका लागला. लग्न झालं, पण आणखी दोन मुलं बघूनच झालं. तोच पहिला पसंत पडला, म्हणून तो अजूनही बाईंच्या पाया पडतो.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. गावात विमान पुन्हा सुरू होणार अशी हवा होती आणि प्रवाशांच्या बॅगा तपासायचं क्ष-किरणांचं मशीन घ्यायचं काम आमच्याकडे आलं. त्याआधी आम्ही घेतलेलं सगळ्यात मोठं मशीन म्हणजे पाणी थंड करायचं. आमच्या देशमाने साहेबांचं मात्र आधीच ठरलं होतं. मुंबईहून सबनीस नावाचा एजंट आला होता. टाय, अत्तर आणि हातात पेढ्यांचा बॉक्स. साहेबांनी बाईंसमोर कागद सरकवला.

“सही करा. निविदा काढायला वेळ नाही. आणि गरजही नाही, असलं मशीन ही एकच कंपनी बनवते.”

“कोण म्हणतं?” बाईंनी विचारलं.

“कंपनीचं तसं पत्रच आहे की.”

“म्हंजे नवरदेवच सांगतोय, गावात माझ्याशिवाय दुसरा पोरगा न्हाय!”

आम्ही सगळे फायलींत तोंड घालून हसलो. साहेबांचं तोंड लाल झालं. “कांबळेबाई, वरून फोन येतायत. उद्घाटन तोंडावर आलंय. तुमच्यामुळे अडलं, तर चंदगडला बदली करीन. बसा तिथं पावसात भिजत.”

पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. आता करतात सही, असं मला वाटलं. मग त्यांनी कागद उलटा साहेबांकडे सरकवला. “करा बदली. पण मी सही करणार न्हाय. आणखी दोन दावा.”

साहेब वैतागून म्हणाले, “कुठून आणू आणखी दोन? तुम्हीच शोधा. आठवडा देतो.”

बाईंनी फोन जवळ ओढला आणि जिथं जिथं विमान उतरतं तिथं तिथं लावत सुटल्या. “पावणं, तुमच्याकडं ब्याग तपासायचं मशीन कुणाचं हाय?” एवढा एकच प्रश्न, पण असा खणखणीत, की फोनची गरज नव्हती, खिडकीतून ओरडल्या असत्या तरी पलीकडे ऐकू गेलं असतं. आठवडा संपायच्या आत एक कंपनी बंगळूरची निघाली, दुसरी हैदराबादची. दोघांचंही म्हणणं एकच होतं: आम्हाला कुणी विचारलंच नाही. बाईंनी तिघांनाही सांगितलं, भाव बंद पाकिटात द्या आणि मशीन घेऊन या, समोर चालवून दाखवा.

ऑफिसमागच्या शेडमध्ये तीन मशीनं ओळीनं उभी राहिली. वरचे अधिकारीही आले होते. सबनीसांनी स्वतःच्या चकचकीत बॅगा आणल्या होत्या, एकीत नकली पिस्तूल. पट्टा फिरला, पिस्तूल पडद्यावर झकास दिसलं, टाळ्या पडल्या.

“असली ब्याग घेऊन कोल्हापूरचा माणूस जातोय व्हय?” बाई म्हणाल्या आणि त्यांनी आमच्या घरांतून मागवलेल्या पिशव्या पुढे केल्या. चटणीच्या बरण्या, चपलांचे जोड, लाडवांचा पितळी डबा, हुपरीचे चांदीचे पैंजण आणि गुळाची अख्खी ढेप.

ढेप आत गेली आणि सबनीसांच्या मशीननं बोंब ठोकली. लाल दिवा, कर्कश भोंगा. सबनीस दोन पावलं मागं सरकले. “संशयास्पद पदार्थ आहे! कुणी हात लावू नका!”

आमचा वॉचमन पुढं झाला, त्यानं ढेपेचा कोपरा फोडला आणि तोंडात टाकला. “गूळ हाय, साहेब. चांगला हाय.”

शेड हसण्यानं दणाणून गेली. “अवो, हितनं उडणाऱ्या दर विमानात गूळ असणार,” बाई म्हणाल्या. “दर बारीला भोंगा वाजवत बसणार काय? आणि ती पिशवी गेली मगाशी, पितळी डब्याची, त्यात काय दिसलं?”

“डबा. सगळं ठीक आहे.”

बाईंनी पिशवीत हात घातला आणि डब्याखालून लुगड्यात गुंडाळलेली विळी बाहेर काढली. हसू एकदम थांबलं. डब्याच्या काळ्या सावलीत त्या मशीनला विळी दिसलीच नव्हती.

हैदराबादच्या मशीनचा पट्टा चटणीच्या बरणीपाशीच अडकला. बंगळूरच्या मशीननं गुळाला वाट दिली आणि विळी अशी दाखवली, की टोकाची खोबरं खवायची चकती आणि तिचे दातसुद्धा दिसले. मग पाकिटं फोडली. भाव त्यांचाच सगळ्यात कमी निघाला, सबनीसांच्या तर जवळपास निम्मा.

वरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, “ही कल्पना कुणाची?” साहेबांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता स्वतःचंच नाव घेणार. पण साहेब म्हणाले, “आमच्या कांबळेबाईंची. मी तर घाई करत होतो.” सगळ्या शेडनं टाळ्या वाजवल्या, बंगळूरवाल्यांनी शिट्टी मारली. सबनीसांनी आणलेले पेढे बाईंनी परत त्यांच्याच हातात ठेवले. “घेऊन जावा. प्रवासात भूक लागंल.” बदलीचा विषय तिथंच संपला.

संध्याकाळी मी बाईंना स्कूटरवरून गडमुडशिंगीला सोडलं. इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण घर मी पहिल्यांदाच बघत होतो. “चा घेऊन जावा की,” त्या म्हणाल्या. आत कॉटवर एक अगदी म्हाताऱ्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या. कांबळेबाई शिरल्याबरोबर त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“तुमच्या आई?” मी विचारलं.

“सासूबाई. कान गेल्यात, डोळं चांगलं हायत.”

“आणि तुमचे मिस्टर?”

बाईंनी स्टोव्ह पेटवला. “त्यांनी पुण्यात दुसरं घर केलं. लई वर्षं झाली. आईला न्यायला कोण आलं न्हाय. आणि मलाबी सासूबाईंची सवय झाल्ती.”

ह्या म्हातारीला घेऊन चंदगडच्या पावसात खोली शोधायची, हे त्या दिवशी खिडकीबाहेर बघताना त्यांच्या मनात आलं असणार.

चहा देऊन झाल्यावर त्या मला विसरल्याच. कॉटसमोर उभ्या राहून त्यांनी म्हातारीला सगळा दिवस करून दाखवला. टाय आवळणारे सबनीस, लाल झालेले साहेब, गाल फुगवून वाजवलेला भोंगा, गूळ चघळणारा वॉचमन. ऑफिसात खुर्चीतून न हलता माणसं गार करणाऱ्या बाई तिथं घामाघूम होऊन नाचत होत्या. म्हातारीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

“जिंकलीस?” तिनं विचारलं.

“जिंकलो!” बाईंनी दोन्ही मुठी वर केल्या.

म्हातारीनं त्यांचा चेहरा ओंजळीत घेतला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग पाय पोटाशी घेऊन नीट सावरून बसली.

“परत सांग.”

बाईंनी पदर खोचला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.